तुवालूचा कायम निधी: मुद्दल न मोडण्याच्या निर्णयाचे प्रकरण

हे प्रकरण एका लहान देशाने घेतलेल्या एका आर्थिक निर्णयाचे आहे. दरवर्षी परदेशी अनुदानासाठी हात पसरण्याऐवजी एकदाच मोठे मुद्दल उभे करायचे, ते स्वतःच्याही हाताला सहज लागणार नाही अशा नियमांत बांधायचे आणि त्याच्या वाढाव्यावर सरकारी खर्चाचा काही भाग भागवायचा, असा तो निर्णय होता. तो यशस्वी ठरला असे सामान्यतः मानले जाते आणि ते मोठ्या प्रमाणात खरेही आहे. मात्र यशाचे श्रेय बहुधा गुंतवणुकीच्या कौशल्याला दिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते नियमांच्या रचनेला द्यायला हवे आणि पुढे ज्या अडचणी आल्या त्यांचे मूळही त्याच रचनेत शोधायला हवे. सार्वजनिक पदांवरील व्यक्तींची नावे येथे दिली आहेत. इतरांचा उल्लेख नावाविना केला आहे.

पार्श्वभूमी

तुवालू हा मध्य प्रशांत महासागरातील नऊ बेटांचा देश आहे. जमिनीचे एकूण क्षेत्रफळ जेमतेम २६ चौरस किलोमीटर, समुद्रसपाटीपासून सर्वांत उंच जागा पाच मीटरही नाही आणि २०१७ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेदहा हजारांच्या आसपास. यांपैकी निम्म्याहून अधिक लोक राजधानी फुनाफुटीत राहतात. तेथील फोंगाफाले या मुख्य बेटावर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने बांधलेली धावपट्टी हीच गावातील सर्वांत मोठी मोकळी जागा आहे. विमान यायचे असेल तेव्हा भोंगा वाजतो आणि धावपट्टी रिकामी होते. एरवी संध्याकाळी मुले तेथे खेळतात. ही धावपट्टी उभारण्यासाठी बेटाचीच माती आणि प्रवाळखडी उकरली गेली आणि त्याचे खड्डे पुढे कित्येक दशके तसेच राहिले. जमिनीची टंचाई किती टोकाची आहे, हे समजण्यासाठी एवढे उदाहरण पुरेसे आहे.

शेतीची स्थिती यापेक्षा फार वेगळी नाही. प्रवाळखडीत खोल चर खणून, गोड्या पाण्याच्या पातळ थरापर्यंत पोहोचून, त्यात पालापाचोळ्याचे खत घालत पुलाका नावाचा अळूच्या जातीचा मोठा कंद पिकवला जातो. त्याच्या जोडीला नारळ, फणसासारखे दिसणारे ब्रेडफ्रूट, डुकरे, कोंबड्या आणि मासे असतात. बाजारात विकण्याजोगे पीक म्हणजे खोबरे, आणि त्याचाही भाव व वाहतूक यांचे गणित क्वचितच जुळते. त्यामुळे रोख पैसा येतो तो प्रामुख्याने बाहेरून. परदेशी मालवाहू जहाजांवर काम करणाऱ्या खलाशांनी घरी पाठवलेला पैसा, पूर्वी नौरूच्या फॉस्फेट खाणींत राबणाऱ्या मजुरांची कमाई आणि सरकारी नोकऱ्यांचे पगार ही त्याची मुख्य वाट. खलाशी तयार करण्यासाठी फुनाफुटीजवळच्या अमातुकू बेटावर १९७९ साली प्रशिक्षण संस्था सुरू करण्यात आली, आणि दीर्घकाळ जर्मन जहाज कंपन्या तेथील माणसे घेत राहिल्या.

राज्यव्यवस्था ब्रिटिश धाटणीची आहे. ब्रिटनचा राजा हाच राष्ट्रप्रमुख, त्याचा प्रतिनिधी म्हणून गव्हर्नर जनरल आणि पंतप्रधान निवडणारी एक छोटी संसद. तीत राजकीय पक्षच नाहीत. स्वातंत्र्याच्या वेळी १२ सदस्य होते, आज १६ आहेत. सदस्य आपापल्या बेटाचे म्हणून निवडून येतात आणि बेटावरच्या निर्णयांत फालेकाउपुले या पारंपरिक सभेचे वजन मोठे असते. पक्ष नसल्यामुळे पक्षशिस्तही नाही. दोन-तीन सदस्यांनी बाजू बदलली की सरकार पडते. पुढच्या विवेचनात ही गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागेल.

देशाचा आर्थिक प्रश्न स्वातंत्र्याच्या आधीच, विभाजनाच्या अटींत, जन्माला आला. आजचे तुवालू तेव्हा एलिस बेटे म्हणून ओळखले जाई आणि गिल्बर्ट बेटांसह, म्हणजे आजच्या किरिबाटीसह, ती एकच ब्रिटिश वसाहत होती. एलिसचे लोक पॉलिनेशियन, गिल्बर्टचे मायक्रोनेशियन. दोघांच्या भाषा वेगळ्या, शिवाय संख्येने मोठ्या गिल्बर्टी समाजाखाली आपण कायमचे दबले जाऊ, अशी एलिसवासीयांची भीती होती. १९७४ साली संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांसमोर सार्वमत झाले. वेगळे होण्याच्या बाजूने ३,७९९ आणि विरोधात २९३ मते पडली. मात्र ब्रिटनची अट आधीच स्पष्ट होती. वेगळे झाल्यास बनाबा बेटावरील फॉस्फेटच्या स्वामित्वधनात वाटा मिळणार नाही आणि वसाहतीच्या इतर मालमत्तेतही नाही. एलिसच्या वाट्याला एक जहाज आले. १ ऑक्टोबर १९७८ रोजी तुवालू स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्यापाशी शिल्लक म्हणावी अशी पुंजी नव्हती.

याउलट गिल्बर्टकडे राखीव निधी राहिला. वसाहतीच्या प्रशासनाने १९५६ साली फॉस्फेटच्या उत्पन्नातून तो सुरू केला होता आणि १९७९ मध्ये बनाबाचे फॉस्फेट संपले तरी किरिबाटीच्या सरकारला त्याचा आधार उरला. म्हणजे राखीव निधी ही कल्पना तुवालूच्या नेत्यांसाठी पुस्तकी नव्हती. ज्या वसाहतीत त्यांच्यापैकी अनेकांनी नोकऱ्या केल्या, तिच्याच हिशेबातली ती गोष्ट होती, फक्त वाटणीत ती त्यांना मिळाली नाही.

प्रश्न

स्वातंत्र्यानंतर सरकारचा नित्याचा खर्च, म्हणजे शिक्षक, परिचारिका, बेटांमधून फिरणारे जहाज, डिझेल, टपाल, पोलीस यांचा खर्च, देशांतर्गत उत्पन्नातून निघत नव्हता. तूट ब्रिटन अनुदानाने भरून काढी. आयात शुल्क, टपाल तिकिटांच्या संग्राहकांना केलेली विक्री आणि परदेशी मासेमारी नौकांचे परवाना शुल्क ही इतर उत्पन्नाची साधने होती. पण तिकिटांचे उत्पन्न संग्राहकांच्या लहरीवर आणि परवान्याचे उत्पन्न टुना माशांच्या थव्यांवर अवलंबून.

अनुदानाची अडचण रकमेपेक्षा त्याच्या रीतीत होती. दरवर्षी अर्थसंकल्प आधी देणाऱ्याला दाखवायचा, कोणती शाळा आणि कोणती नेमणूक आवश्यक हे पटवून द्यायचे, आणि लंडनमधील खर्चकपातीच्या वाऱ्यांकडे डोळे लावून बसायचे. शिवाय जेवढी तूट तेवढेच अनुदान, असा व्यवहार असला की काटकसर करणाऱ्याला काही मिळत नाही. वाचवलेला पैसा पुढच्या वर्षीच्या अनुदानातून वजा होतो. स्वतंत्र देशाचे अर्थमंत्रालय या चौकटीत एखाद्या जिल्हा कचेरीसारखे वागू लागते.

या स्थितीतून लवकर बाहेर पडण्याच्या घाईत पहिल्या सरकारने एक पाऊल उचलले, जे पुढच्या साऱ्या वाटाघाटींवर सावट धरून राहिले. पंतप्रधान तोआरिपी लाउती यांनी देशाच्या तुटपुंज्या गंगाजळीतील सुमारे साडेपाच लाख डॉलर कॅलिफोर्नियातील एका जमीन-विक्रेत्याच्या हवाली केले. चढ्या व्याजाचे आणि मोठे कर्ज मिळवून देण्याचे आश्वासन होते, आणि पैसा टेक्सासमधील जमिनीच्या व्यवहारात गुंतला. नेमके कोणत्या अधिकाराने, कोणाच्या तपासणीनंतर ही रक्कम बाहेर गेली, याचे समाधानकारक उत्तर संसदेला मिळाले नाही. १९८१ च्या निवडणुकीनंतर लाउती यांच्या जागी डॉ. टोमासी पुआपुआ पंतप्रधान झाले, आणि त्यात या व्यवहाराचा वाटा मोठा होता. लाउती यांना खलनायक ठरवण्याची गरज नाही, कारण त्यांची गरज खरी होती. दोष असा होता की देशाची पुंजी आणि एका माणसाचा निर्णय यांच्या मध्ये कोणतीही भिंत नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

पुआपुआ सरकारपुढे, आणि विशेषतः अर्थमंत्री हेन्री नाइसाली यांच्यापुढे, मोजकेच मार्ग होते.

वार्षिक अनुदान चालू ठेवणे हा सर्वांत सोपा मार्ग होता, कारण त्यासाठी काहीच करावे लागत नव्हते. ब्रिटनलाही तो तात्पुरता सोयीचा होता. पण तूट भरून देण्याची ही जबाबदारी कायमची आपल्या गळ्यात राहावी अशी ब्रिटनची इच्छा नव्हती, त्यामुळे हा मार्ग दिसायला सुरक्षित असला तरी कधी ना कधी बंद होणारच होता.

दुसरा मार्ग उत्पन्नाची नवी साधने शोधण्याचा. लहान बेटांच्या देशांना असे विक्रेते नेहमी भेटतात. कोणी तिकिटे छापून देतो, कोणी बँका नोंदवू म्हणतो, कोणी जहाजांचे झेंडे विकू म्हणतो. तिकिटांच्या बाबतीत १९८० च्या दशकात एका परदेशी मध्यस्थाने इतक्या मालिका काढल्या की संग्राहकांचा विश्वासच उडाला. सार्वभौमत्व हीच विकण्याजोगी वस्तू असे एकदा ठरले की भाव नेहमी घेणारा ठरवतो, एवढा धडा त्यातून मिळाला.

तिसरा मार्ग स्वतःचा राखीव निधी स्वतःच उभारून स्वतःच चालवण्याचा, किरिबाटीच्या धर्तीवर. यात दोन अडचणी होत्या. एक म्हणजे मुद्दल कुठून आणायचे. दुसरी अशी की १९८१ च्या अनुभवानंतर कोणताही देणगीदार ‘पैसे द्या, आम्ही सांभाळतो’ या विनंतीला मान देणार नव्हता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला निधीची मागणी पुढे आली तेव्हा देणगीदारांकडून प्रतिसाद थंड मिळाला, तो याचमुळे. शेजारच्या नौरूचे उदाहरणही त्याच काळात समोर होते. १९६८ साली स्वतंत्र झालेल्या या देशाकडे फॉस्फेटचा प्रचंड पैसा होता, त्यातून मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत उभी राहिली, हॉटेले घेतली गेली, विमान कंपनी चालवली गेली, पण निधीवर बाहेरची नजर आणि काढण्यावर पक्की मर्यादा नव्हती. तो निधी पुढे कसा आटला आणि २००४ मध्ये ती इमारतही कशी विकावी लागली, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. तरी खर्चाची ऐट दिसतच होती.

उरला तो चौथा मार्ग, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारावर आधारलेला विश्वस्त निधी. मुद्दल प्रामुख्याने देणगीदारांचे, लाभ तुवालूचा आणि नियंत्रण दोघांचे मिळून. या मार्गाची किंमत उघड होती. स्वतंत्र देशाच्या सर्वांत मोठ्या मालमत्तेवर तीन परदेशी सरकारांचे प्रतिनिधी बसणार होते. निर्णयाचा खरा क्षण हाच होता. पुआपुआ-नाइसाली यांच्या भूमिकेचा अर्थ असा लावता येतो की, दरवर्षी संपूर्ण अर्थसंकल्प परक्यांपुढे ठेवण्यापेक्षा एकाच मालमत्तेवर, एकदाच, लिखित नियमांनी नियंत्रण वाटून घेणे अधिक स्वातंत्र्य देणारे होते. कारण वाढाव्याचा पैसा एकदा हाती आला की तो कोणत्या शाळेवर खर्च करायचा हे विचारायला कोणी येणार नव्हते.

निर्णय आणि अंमलबजावणी

१६ जून १९८७ रोजी फिजीची राजधानी सुवा येथे तुवालू, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटन यांनी करारावर सह्या केल्या आणि त्याच वर्षी निधी सुरू झाला. प्रारंभिक भांडवल सुमारे २ कोटी ७१ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होते. ब्रिटनने ८५ लाख, न्यूझीलंडने ८३ लाख, ऑस्ट्रेलियाने ८० लाख, जपानने ७ लाख आणि दक्षिण कोरियाने एक लहान रक्कम दिली. तुवालूने स्वतःचे १६ लाख घातले. त्या काळच्या तुवालूसाठी ही रक्कम लहान नव्हती, आणि वाटाघाटींच्या दृष्टीने तिचे महत्त्व आकड्याहून मोठे होते. निधी बुडाला तर आपलेही बुडणार, हे दाखवणारा तो पुरावा होता. देशाचे चलन ऑस्ट्रेलियन डॉलर असल्याने निधीही त्याच चलनात ठेवला गेला.

रचनेचा गाभा दोन खात्यांत आहे. ‘अ’ खात्यात मुद्दल. ते व्यावसायिक व्यवस्थापकांमार्फत ऑस्ट्रेलियात आणि आंतरराष्ट्रीय बाजारांत रोखे व समभागांत गुंतवले जाते. ‘ब’ खाते तुवालू सरकारच्या ताब्यात असते आणि त्यातून सरकार हवे तेव्हा अर्थसंकल्पासाठी पैसे काढू शकते. ‘अ’ मधून ‘ब’ मध्ये किती जाईल हे ठरवणारा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. मुद्दलाचे मूल्य ऑस्ट्रेलियातील महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे दरवर्षी वाढवून धरायचे, आणि ३० सप्टेंबरला बाजारमूल्य त्या वाढीव आकड्याच्या वर असेल तर फक्त वरचा भाग वाटपासाठी मोकळा करायचा.

हे आकड्यांत पाहू. समजा मुद्दल १०० आहे, महागाई ४ टक्के झाली आणि बाजारात निधीचे मूल्य १०७ झाले. राखायची रेषा १०४ वर गेली, म्हणून ३ ‘ब’ खात्यात जातील. पुढच्या वर्षी महागाई ३ टक्के झाली तर रेषा १०७ च्या पुढे सरकेल, पण बाजार कोसळून निधी ९५ वर आला, तर वाटप शून्य. एवढेच नव्हे, त्याच्या पुढच्या वर्षी निधी ८ टक्क्यांनी वाढला तरी तो १०३ च्या आत राहील, आणि तोवर रेषा ११० च्या आसपास पोहोचलेली असेल, म्हणून पुन्हा शून्य. चढत्या बाजारात उदार आणि पडत्या बाजारात कमालीचा कठोर, असा हा नियम आहे. मुद्दल महागाईने झिजत नाही, ही त्याची ताकद. अर्थमंत्र्याला पुढच्या वर्षी काय मिळेल हे सांगता येत नाही, ही त्याची उणीव. ‘ब’ खाते मध्ये ठेवले ते याच उणिवेवर उपाय म्हणून. चांगल्या वर्षांत तेथे साठवायचे आणि वाईट वर्षांत काढायचे.

निधीचे संचालक मंडळ करारातील सरकारांच्या प्रतिनिधींचे असून अध्यक्षपद तुवालूकडे असते. त्याशिवाय एक सल्लागार समिती आहे, आणि प्रस्तुत लेखकाला या समितीचे काम मंडळापेक्षा अधिक उपयोगाचे वाटते. ती निधीच्या गुंतवणुकीपुरती थांबत नाही. सरकारचा एकूण जमाखर्च, पगारवाढी, ‘ब’ खात्यातील शिल्लक यांवरही ती नियमितपणे अहवाल देते. तिचा सल्ला बंधनकारक नाही. पण ज्या संसदेत विरोधी पक्ष नावाची संघटित गोष्टच नाही, तेथे आकडे मांडून प्रश्न विचारणारे एक स्थायी व्यासपीठ असणे ही मोठी सोय आहे.

परिणाम

पहिली दहा-बारा वर्षे बाजार अनुकूल होता. वाटप झाले, आणि सरकारने त्यातील काही भाग ‘ब’ खात्यातून परत ‘अ’ मध्ये घालून मुद्दल वाढवले. हा निर्णय कोणी लादलेला नव्हता. त्याच विचाराची पुढची पायरी म्हणजे १९९९ साली सुरू झालेला फालेकाउपुले निधी. राष्ट्रीय निधीचा लाभ फुनाफुटीतच अडकतो ही बाहेरच्या बेटांची तक्रार होती, म्हणून १९९७ च्या फालेकाउपुले कायद्याने बेटांच्या सभांना अधिकार दिले आणि त्यांच्यासाठी वेगळे मुद्दल उभे केले. बेटावरची विहीर, टाकी किंवा शाळेची दुरुस्ती यांचा निर्णय बेटावरच व्हावा, हा त्यामागचा हेतू.

त्याच सुमारास एक अनपेक्षित उत्पन्न आले. इंटरनेटवरील पत्त्यांत तुवालूला मिळालेली ‘टीव्ही’ ही दोन अक्षरे दूरचित्रवाणी कंपन्यांना हवीहवीशी वाटली, आणि २००० साली झालेल्या करारातून ५ कोटी अमेरिकी डॉलर टप्प्याटप्प्याने मिळण्याचे ठरले. त्या पैशाच्या बळावर देशाने संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यत्वाचा खर्च पेलला आणि सप्टेंबर २००० मध्ये तो १८९ वा सदस्य झाला. बाहेरच्या बेटांवर वीजही पोहोचली. (याआधी १९९० च्या दशकात देशाचा दूरध्वनी क्रमांक अश्लील संभाषण सेवांसाठी भाड्याने दिला गेला होता. ख्रिस्ती धर्मनिष्ठ समाजाला ते पटणे शक्यच नव्हते, आणि ती कमाई सोडून देण्यात आली.)

याच काळात राजकारण अत्यंत अस्थिर होते. १९९९ ते २००४ या पाच-सहा वर्षांत, हंगामी धरून, पंतप्रधानपदी सहा-सात माणसे आली. त्यातले एक पदावर असतानाच वारले, काही अविश्वास ठरावाने गेले. तरीही मुद्दलाला धक्का लागला नाही. नौरूशी तुलना केली तर या प्रकरणातील सर्वांत ठळक निष्कर्ष इथेच दिसतो. तुवालूचे नेते अधिक शहाणे किंवा अधिक निःस्वार्थी होते असे म्हणण्यास आधार नाही. फरक असा की कोसळणाऱ्या सरकारला शेवटच्या महिन्यात हात घालता येईल अशा जागी मुद्दल ठेवलेलेच नव्हते.

‘ब’ खाते मात्र त्या जागी होते, आणि तेथे वेगळे चित्र दिसते. शतकाच्या सुरुवातीच्या बाजारघसरणीत आणि नंतर २००८ च्या जागतिक वित्तीय संकटात ‘अ’ खात्याचे मूल्य राखीव रेषेखाली गेले. २००८ नंतर सलग काही वर्षे वाटप झाले नाही. खर्च मात्र आधीच्या चांगल्या वर्षांच्या मापाने वाढलेला होता. त्यात सरकारी पगार होते, परदेशी विद्यापीठांतील शिष्यवृत्त्या होत्या आणि फिजी-न्यूझीलंडला रुग्ण पाठवण्याची योजना होती. या शेवटच्या दोन बाबी मतदारांना थेट जाणवतात, म्हणून त्या कापणे कोणत्याही सरकारला जड जाते. ‘ब’ खात्यात मुद्दलाच्या सुमारे १६ टक्के इतकी शिल्लक असावी असे उद्दिष्ट ठेवलेले होते, पण ते खाते जवळजवळ कोरडे पडले.

सुटका झाली ती समुद्रातून. नौरू कराराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आठ देशांच्या गटाने टुना पकडणाऱ्या जहाजांना दिवसाच्या हिशेबाने परवाने विकण्याची पद्धत सुरू केली आणि एका दिवसाची किमान किंमत एकत्रितपणे ठरवली. जहाज कंपन्यांना एका देशाला दुसऱ्याविरुद्ध खेळवता येईना. २०१२ नंतर तुवालूचे परवाना उत्पन्न अनेक पटींनी वाढले आणि सरकारच्या उत्पन्नात ते पहिल्या क्रमांकावर गेले. निधीही सावरला. २०१४ च्या सुमारास त्याचे मूल्य १४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर होते, म्हणजे सुरुवातीच्या मुद्दलाच्या पाचपट आणि देशाच्या वार्षिक सकल उत्पादनाच्या दुपटीहून बरेच अधिक. मार्च २०१५ मध्ये पॅम चक्रीवादळाच्या लाटांनी बेटांचे नुकसान केले, त्यानंतर आपत्ती आणि हवामान बदलासाठी ‘सर्व्हायव्हल फंड’ हा वेगळा निधी देशाने स्वतःच्या पैशातून उभारला.

वेगळे काय करता आले असते

वाटपाचा नियम बदलता आला असता. सर्व-किंवा-काहीच-नाही अशा रेषेऐवजी मागील काही वर्षांच्या सरासरी मूल्याचा ठरावीक टक्का वाटायचा, अशी पद्धत अनेक विद्यापीठांचे कायम निधी वापरतात. तिच्यामुळे वाटप दरवर्षी थोडे का होईना, पण होते. मुद्दल काही वर्षे महागाईच्या मागे पडण्याचा धोका तीत असतो, हे खरे. १९८७ साली देणगीदारांचा विश्वास कमावणे हीच पहिली गरज असताना कडक रेषा योग्य होती. २००३ च्या सुमारास, पहिली मोठी घसरण अनुभवल्यावर, ती पुन्हा तपासायला हवी होती. तसे झाले असते तर २००९ नंतरची ओढाताण पुष्कळ सौम्य झाली असती.

दुसरा मुद्दा अवचित आलेल्या पैशाचा. इंटरनेट पत्त्यांचा आणि मासेमारीचा पैसा मुद्दलात किती घालायचा याचा नियम आधीच ठरलेला नव्हता. प्रत्येक वेळी त्या त्या सरकारने ठरवले, कधी भरघोस घातले आणि कधी पगारात गेले. सरासरीपेक्षा जास्त आलेल्या परवाना शुल्काचा निम्मा हिस्सा आपोआप ‘अ’ खात्यात, एवढी साधी तरतूद कायद्यात असती, तरी पुरे होते. टुना हा फिरता मासा आहे. एल निन्योच्या वर्षी तो पूर्वेकडे सरकतो, आणि समुद्र तापत गेला तर तो या देशाच्या हद्दीतून कायमचाही हलू शकतो. अशा उत्पन्नाला नित्याचे उत्पन्न मानून त्यावर कायमच्या नेमणुका करणे, ही या प्रकरणातील सर्वांत टाळण्याजोगी चूक होती.

तिसरा मुद्दा लोकसंख्येचा. राखीव रेषा महागाईशी बांधलेली आहे, माणसांच्या संख्येशी नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास सात हजारांहून थोडे अधिक लोक होते, आज दहा हजारांवर आहेत. मुद्दलाची खरी किंमत तेवढीच राहिली तरी दरडोई वाटा घटतो. स्वेच्छेने केलेल्या भरण्यांमुळे ही घट झाकली गेली, पण नियमात तिची दखल नाही.

आता हाच लोकसंख्येचा प्रश्न उलट्या दिशेने येत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेल्या फालेपिली करारानुसार, जो ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आला, दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायमचे राहता येईल, म्हणजे लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांहून अधिक. बदल्यात तुवालूने इतर देशांशी सुरक्षाविषयक करार करताना ऑस्ट्रेलियाशी सहमती साधण्याचे मान्य केले. म्हणजे १९८७ साली मालमत्तेबाबत केलेली नियंत्रणाची वाटणी आता परराष्ट्र धोरणापर्यंत गेली आहे. २०२५ मधील पहिल्या सोडतीसाठी कुटुंबीयांसह ८,७५० जणांनी नावे नोंदवली. त्याआधी २०२३ च्या नव्या राज्यघटनेने, समुद्राने जमीन गिळली तरी राज्य कायम राहील, असे जाहीर केले होते.

निधीचे मुद्दल बेटांवर नाही, परदेशी बाजारांत आहे, त्यामुळे भरतीच्या पाण्याने ते बुडणार नाही. पण त्याचे वाटप कोणाही व्यक्तीला थेट होत नाही. ते फुनाफुटीतील सरकारच्या अर्थसंकल्पातून, बेटांवरच्या शाळा, दवाखाने आणि जहाजे यांच्या रूपाने पोहोचते. पुढच्या वीस वर्षांत नागरिकांचा मोठा भाग ब्रिस्बेन किंवा मेलबर्नमध्ये राहत असेल, तर मागे उरलेल्यांच्या सेवांना प्राधान्य द्यायचे की बाहेर गेलेल्यांच्या मुलांच्या शिक्षणालाही त्यातून हिस्सा द्यायचा, हे संचालक मंडळाने नव्हे, तर संसदेने आणि बेटांच्या सभांनी ठरवायला हवे. आणि हे काम पहिल्या काही तुकड्या निघून जाण्याआधी, बहुतेक मतदार अजून बेटांवर असताना, हाती घेणे सोपे जाईल.